घर बांधायचंय नाहीतर जुनं नवं करायचंय? आर्किटेक्टबरोबर काम कसं करायचं ते पहिल्यापासून सांगते

आमचं घर कोल्हापूरला, शिवाजी पेठेत. रुंदीला २० फूट, खोलीला ६५ फूट, दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परडं. दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती, वर कौलं, आणि माजघरात भर दुपारी १२ ला सुद्धा लाईट लावायला लागायची. चार वर्षांपूर्वी हे घर आम्ही नवं केलं, आणि त्यानंतर माझ्या भावाचं पाचगावला रिकाम्या प्लॉटवर घर झालं, त्याच्याही जवळजवळ सगळ्या मिटिंगांना मी बसले होते. तेव्हापासून नात्यात कुणाचं बांधकाम निघालं की फोन येतोच, वहिनी आर्किटेक्ट लागतोच का, फी किती घेतात, आधी कुणाला गाठायचं. दर वेळी फोनवर अर्धवट सांगितलं जातं म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. मोठं आहे, पण घर आयुष्यात एकदाच होतं, त्यामुळं निवांत वाचा.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आर्किटेक्टला घर कसं दिसायला पाहिजे हे सांगू नका, तुमच्या घरात दिवस कसा जातो हे सांगा. मोबाईलमधले एलिव्हेशनचे म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचे फोटो घेऊन गेलात तर तसं एलिव्हेशन मिळेल सुद्धा, पण धुणं कुठं वाळणार आणि आजोबा रात्री उठले तर किती पावलं चालणार हे त्या फोटोत नसतं.

आधी कागद

आर्किटेक्टकडे जायच्या आधी कागद गोळा करा, नाहीतर प्लॅन तयार होऊन पडतो आणि काम हलत नाही. गावठाणात किंवा सिटी सर्व्हेत असाल तर प्रॉपर्टी कार्ड, बाहेर असाल तर सातबारा आणि एनए (बिगरशेती) किंवा गुंठेवारीचे कागद, खरेदीपत्र, घरफाळ्याची चालू पावती, आणि मोजणीचा नकाशा. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर आजेसासऱ्यांचंच नाव होतं. मामा म्हणजे माझे सासरे तीन भाऊ, एक चुलतसासू पुण्याला, सगळ्यांच्या सह्या, वारस नोंद, यातच आमचे पाच महिने गेले. हे कुणीच आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी पहिलं हेच सांगते, कार्ड काढा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा.

मोजणी करून घ्याच. कागदावर तीन गुंठे म्हणजे ३२६७ चौरस फूट, पण जाग्यावर कुंपण वेगळीकडंच असतं, शेजाऱ्याची भिंत दीड फूट आत आलेली असते. आर्किटेक्ट कागदावरच्या मापानं प्लॅन काढणार आणि लाईनआऊटच्या म्हणजे जाग्यावर घराची आखणी करायच्या दिवशी भांडण निघणार. पेठेत भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आधीच बसून बोला, चहा पीत बोला, आणि जे ठरलं ते लिहून सह्या घ्या.

तिसरी गोष्ट खास आपल्या गावाची. पूररेषा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. जलसंपदा विभागानं निळी आणि लाल अशा दोन रेषा आखलेल्या असतात, निळीच्या आत नदीकडच्या बाजूला नवीन बांधकामाला बंदी आणि निळी-लालच्या मधे अटी, त्यात जोत्याची उंची ही मोठी अट. दुधाळी, बापट कॅम्प, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग, कसबा बावडा, इकडं प्लॉट असेल तर आधी रेषा बघा मग स्वप्नं बघा. नियमात बसत असेल तरी २०२१ ला आपल्या गल्लीत पाणी कुठंवर आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, भिंतीवरची खूण दाखवतात, ती खूण आर्किटेक्टला दाखवा. मीटर बोर्ड, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर हे सगळं त्या खुणेच्या वर यायला पाहिजे.

घरातल्यांची वही

आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी पहिल्या भेटीत प्लॅनचा विषयच काढला नाही. एक शंभरपानी वही आणा म्हणाल्या आणि आठवडाभर घरातल्या प्रत्येकानं त्यात लिहायचं, सकाळी उठल्यापासून काय करता, कुठं अडचण होते, काय आवडतं. मला वाटलं हे काय नवीन, पण त्या वहीनंच आमचं घर ठरवलं.

आत्यांनी म्हणजे सासूबाईंनी लिहिलं, एप्रिलमध्ये वर्षाची चटणी करायला मिरच्या वाळवायला जागा पाहिजे आणि ती जागा कबुतरांपासून लांब पाहिजे, डंकावरनं कुटून आणल्यावर बरण्या ठेवायला गार अंधारी कोनाडा पाहिजे. मामांनी लिहिलं, सकाळी पेपर वाचायला सोप्यातच बसणार, रस्ता दिसायला पाहिजे. मुलीनं लिहिलं, अभ्यासाला दार लागणारी जागा. मी लिहिलं, रविवारी मटण झालं की तांबड्या-पांढऱ्याचा वास सोमवारपर्यंत कपड्यांच्या कपाटात जातो, त्याचं काहीतरी करा. नवऱ्यानं फक्त दोन गाड्या आत लागायला पाहिजेत एवढंच लिहिलं.

तुम्ही पण अशी वही करा आणि त्यात हे विसरू नका: गौरी-गणपती कुठं बसतात आणि त्या भिंतीवर प्लग पॉइंट आहे का, पाहुणे मुक्कामाला किती येतात, चपला किती जोड, गादी-रजया कुठं, गॅसचा दुसरा सिलिंडर कुठं, कचऱ्याची बादली कुठं, धुणं पावसाळ्यात कुठं वाळतं. घरात वयस्क माणूस असेल तर खालीच एक झोपायची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम, आणि त्याचं दार अडीच फुटी न करता तीन फुटी करा, उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर आली तर आत गेली पाहिजे. वास्तू बघायची असेल तर तेही वहीतच लिहा आणि कुठल्या चार गोष्टी सोडणार नाही ते पहिल्याच भेटीत सांगा. प्लॅन फायनल झाल्यावर कुणीतरी नात्यातला येऊन देवघर हलवा म्हणतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं, हे मी दोन घरात बघितलंय.

बजेट खरं सांगा. लोक आर्किटेक्टला मुद्दाम कमी आकडा सांगतात, खर्च वाढवेल म्हणून, आणि मग प्लॅन त्या आकड्याचा येतो आणि अपेक्षा दुसऱ्या आकड्याच्या. आमच्याकडं एवढे रोख, एवढं कर्ज मिळेल, एवढं सोनं मोडायचं नाही, असं स्वच्छ सांगा. आणि त्यातले नवीन बांधकामाला १० टक्के आणि जुनं घर दुरुस्त करत असाल तर २० टक्के बाजूला ठेवून उरलेलाच आकडा सांगा, कारण जुनी भिंत फोडल्यावर आतनं काय निघेल हे कुणालाच सांगता येत नाही.

माणूस निवडताना

आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टर ही तीन वेगळी कामं आहेत. आर्किटेक्ट घराची रचना करतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर ते घर उभं कसं राहील याचा हिशोब करतो, कॉन्ट्रॅक्टर बांधतो. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय कुणाला आर्किटेक्ट ही पदवी लावता येत नाही, नोंदणी नंबर सीए, मग वर्ष, मग आकडा असा असतो आणि कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव टाकून बघता येतो. बघाच, विचारायला लाजू नका, चांगला माणूस स्वतःहून कार्ड दाखवतो.

कामं बघायची ती नुसती फोटोत नाही. तीन नावं काढा आणि प्रत्येकाचं पाच-सहा वर्षं लोक राहत असलेलं एक घर बघायला मागा, नवं कोरं नको, राहिलेलं पाहिजे. शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जा. पश्चिमेच्या भिंतीला ओल आलीय का, गच्चीवरनं गळतंय का, खिडकीतनं पाणी आत येतंय का, हे आपल्या पावसात तेव्हाच कळतं. त्या घरातल्या बाईला विचारा, पुरुषांना नको, काय बदलायला पाहिजे होतं असं वाटतं. आणि आर्किटेक्ट बांधकाम चालू असताना किती वेळा आला होता ते विचारा. भावाच्या वेळी एका ठिकाणी याच प्रश्नाला उत्तर मिळालं, प्लॅन पास करून दिला मग भेटच नाही. तिथंच ते नाव कमी झालं.

बोलताना एक बघा, तुमचं ऐकताना तो लिहून घेतोय का. आणि घरातल्या बायकांशी बोलतोय का नुसता कर्त्या पुरुषाकडं बघून बोलतोय.

फी आणि करार

फी तीन पद्धतीनं सांगतात, बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर, चौरस फुटावर, किंवा ठोक. कुठलीही चालेल, पण आकड्याच्या आधी त्यात काय काय येतं ते विचारा. परवानगीपुरता प्लॅन ही वेगळी गोष्ट आणि पूर्ण काम ही वेगळी. स्वस्त वाटणारी फी बहुतेक वेळा नुसत्या सँक्शन ड्रॉइंगची असते, त्यात खिडकीची उंची, प्लगची जागा, पाईपची लाईन काहीच नसतं आणि ते सगळं मग साईटवर गवंडीमामा आपल्या अंदाजानं ठरवतात, त्यांचा काय दोष. आमच्याच जुन्या घरात मागच्या बाजूला जिना असाच अंदाजानं झाला होता, वळणावर डोक्यावर साडेपाच फूट उंची, दहा वर्षं घरातला प्रत्येक उंच पाहुणा तिथं आपटला.

दोन पानांचा का असेना पण लेखी करार करा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी यात आहे का बाहेर, परवानगीची धावपळ कोण करणार, वर्किंग ड्रॉइंग म्हणजे बांधताना लागणारी मापासकट ड्रॉइंग कुठली कुठली देणार, साईट व्हिजिट किती आणि कुठल्या टप्प्याला, प्लॅनमध्ये बदल किती वेळा फुकट आणि त्यानंतर काय, इंटिरिअर आहे का नाही, आणि मधेच काम थांबवलं तर कुठंवरचे पैसे द्यायचे. पैसे टप्प्यानं द्या, सुरुवातीला थोडे, कन्सेप्ट ठरल्यावर, परवानगीला दाखल केल्यावर, वर्किंग ड्रॉइंग हातात आल्यावर, आणि शेवटचा भाग काम संपल्यावर. फीमध्ये घासाघीस करून साईट व्हिजिट कमी करून घेऊ नका एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

जुनं घर असेल तर

इथं सगळ्यात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकीचं. दगडमातीच्या घरात भिंतीच वजन घेतात, कॉलम नसतात, त्यामुळं ही भिंत काढून हॉल मोठा करूया हे वाक्य इतकं सोपं नाही. कुठली तुळई कुठल्या भिंतीवर टेकलीय, पाया किती खोल, लाकडाला वाळवी किती, शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीवर तर उभी नाही, हे सगळं बघायला पाहिजे. आमच्याकडं तीन ठिकाणी पायाच्या बाजूला खड्डे काढून बघितलं, आणि वरचा मजला जुन्या भिंतींवर चढवायचा जो विचार होता तो त्याच दिवशी सोडला. पुढचा सोपा आणि त्याची सागवानी खांबं तशीच ठेवली, मागचं सगळं उतरवून शेजारच्या भिंतीपासून थोडं आत कॉलम घेऊन आरसीसी केलं. कोयनेचा १९६७ चा भूकंप मामांना आठवतो, भांडी फळीवरनं पडली होती म्हणतात, त्यामुळं भूकंपाचा हिशोब धरूनच डिझाईन करा हे त्यांनीच सांगितलं, आम्हाला सांगायला लागलं नाही.

रिकाम्या प्लॉटवर असाल तर माती तपासा. नदीच्या बाजूला काळी माती खोल असते, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथं पाया नीट खाली न्यायला लागतो. पाचगाव, मोरेवाडीकडं चढावर मुरूम लवकर लागतो, भावाचा खोदाईचा खर्च त्यामुळं कमी झाला, पण जागा उताराची म्हणून जोत्यात भर घालायला गेला तो वेगळा.

प्लॅन वाचायचा कसा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन महिने लागले तरी द्या, कागदावरची भिंत खोडरबरानं जाते.

पहिला प्लॅन आला की लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाही पण म्हणू नका. फर्निचर काढलेला प्लॅन मागा, नुसत्या रिकाम्या खोल्या सगळ्या मोठ्या दिसतात. १० बाय १० च्या खोलीत ६ फुटी कॉट आणि समोर २ फूट खोल कपाट ठेवलं की मधे २ फूट उरतात, त्यात कपाटाचं दार उघडून उभं राहता येत नाही. हे कागदावर कळलं तर दार सरकतं करता येतं नाहीतर खोली १० बाय १२ करता येते.

आम्ही काय केलं सांगते. शेजारच्या शाळेचं मैदान रविवारी रिकामं असतं, तिथं परवानगी काढून चुन्याच्या फक्कीनं आमचा अख्खा खालचा मजला खऱ्या मापात आखला. भिंतींच्या जागी रेघा, दारांच्या जागी मोकळं, कॉटच्या जागी चटई, ओट्याच्या जागी दोन बाकडी. मग घरातले सगळे त्यात तासभर फिरलो. आत्या न्हाणीतनं निघून देवघरात गेल्या आणि म्हणाल्या, हे ओल्या पायानं हॉलमधनं पाहुण्यांच्या समोरनं जायचं का रोज? तेवढ्यावर बाथरूमचं दार फिरवलं. मामा मागच्या खोलीतनं सोप्यापर्यंत चालत आले आणि मधे तीन दारं मोजली, त्यातलं एक काढलं. मुलगी जिन्याच्या जागी उभी राहिली आणि इथं अंधार असणार का म्हणून विचारलं, आणि तिथंच मॅडमनी वहीत चौक असं लिहिलं. आज आमच्या घराच्या मधोमध ६ बाय ८ चा उघडा चौक आहे, वरती पारदर्शक पत्रा पण तो भिंतींच्या दीड फूट वर उचललेला, त्यामुळं उजेड खाली येतो आणि गरम हवा वरनं निघून जाते. माजघरात आता दिवसा लाईट लावत नाही. जुन्या वाड्यात चौक का असायचा ते आम्हाला तेव्हा कळलं.

जिन्याचं गणित तुम्ही स्वतः करा, अवघड नाही. मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच, पायरी पावणेसात इंचाच्या आसपास धरली तर १८ पायऱ्या लागतात. मधे वळण घेऊन ९-९ चे दोन भाग, प्रत्येक भागात पाऊल ठेवायच्या ८ जागा (नववी पायरी चढली की लँडिंग किंवा मजलाच येतो), एकेक १० इंचाची, म्हणजे जवळजवळ पावणेसात फूट लांबी आणि त्यात मिळवायचं तीन फुटांचं लँडिंग, रुंदी साडेसहा फूट. जिना म्हणजे जवळजवळ १० बाय साडेसहाची एक खोली झाली, प्रत्येक मजल्यावर. प्लॅनमध्ये जिना यापेक्षा फार लहान दिसला तर पायऱ्या उंच असणार, गुडघे असणाऱ्या घरात हे विचारून घ्या, आणि डोक्यावर सगळीकडं ७ फूट मोकळे आहेत का ते सेक्शनमध्ये म्हणजे घर उभं कापल्यासारख्या ड्रॉइंगमध्ये दाखवा म्हणा.

ऊन-पाऊस. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं झोडपतो आणि दुपारचं तापलेलं ऊन पण तिकडनंच येतं, त्यामुळं पश्चिमेला मोठ्या काचा हे फोटोत कितीही छान दिसलं तरी इथं त्रासाचं आहे. तिकडं जिना, बाथरूम, स्टोअर अशा गोष्टी टाका, खिडकी घेतलीच तर छज्जा दोन फुटांचा आणि बाजूला पाखे. आणखी एक, उत्तरेला ऊन येत नाही असं सगळे म्हणतात पण कोल्हापूर १७ अक्षांशाच्या खाली आहे, मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरनं किंचित उत्तरेकडंच असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीला पण छज्जा लागतो. हे मॅडमनी कंपास घेऊन समजावलं तेव्हा मला पटलं.

ओट्याचं पण सांगायलाच पाहिजे. सगळीकडं एकाच उंचीचा ओटा करतात. मॅडमनी आत्यांना कोपरात हात वाकवून उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजलं, मग मला. आत्या ४ फूट १० इंच, मी ५ फूट ५. शेगडीवर मोठं पातेलं चढलं की त्यात वाकून बघता आलं पाहिजे म्हणून शेगडीचा भाग ३० इंचावर घेतला आणि कापायचा-धुवायचा भाग ३४ वर. आत्यांचा खांदा दुखायचा थांबला, आणि माझी कंबर. शेगडीवरची खिडकी बंद करून तिथं चिमणी घेतली, पाईप सरळ बाहेर, फिरवाफिरवी न करता, आणि स्वयंपाकघराला सरकतं दार. रविवारचा वास आता कपाटात जात नाही.

गच्चीवर मिरच्यांना जागा ठेवली तशी सोलरला पण ठेवा, आज बसवणार नसाल तरी. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली न पडणारी जागा धरा, टाकीची सावली कुठं पडते ते बघा, आणि गच्चीवरनं मीटरपर्यंत एक रिकामा पाईप भिंतीतनं आत्ताच टाकून ठेवा.

परवानगी

हे काम आर्किटेक्टचं, त्यामुळं थोडक्यात. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, त्यात चटई क्षेत्र म्हणजे किती बांधता येतं ते, बाजूला सोडायचं अंतर, पार्किंग सगळं येतं, आणि लहान प्लॉटला प्रक्रिया सोपी केलीय. गावठाणातल्या दाट वस्तीला अंतराचे नियम वेगळे. तुमचा प्लॉट महापालिकेत येतो की आजूबाजूच्या गावांसाठी २०१७ ला झालेल्या प्राधिकरणात, ते आधी बघा. अर्ज ऑनलाईन दाखल होतो, दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत तुमच्याकडं पाहिजे. परवाना हातात यायच्या आधी खोदाई सुरू करू नका, मुहूर्त निघून जातोय म्हणून पण नाही, पूजा करा, कुदळ मारा आणि थांबा.

वेळेचं गणित पावसाला धरून करा. जून ते सप्टेंबर प्लॅन, परवानगी, ड्रॉइंग, दर मागवणं, आणि दसरा-दिवाळी झाली की खोदाई. वरचा स्लॅब मृग लागायच्या आत पडला पाहिजे, मग पावसाळ्यात आतली कामं चालतात.

वर्किंग ड्रॉइंग आणि कॉन्ट्रॅक्टर

कॉलमचं लाईनआऊट, पाया आणि स्टीलचं ड्रॉइंग, दारं-खिडक्यांचं वेळापत्रक मापासकट, लाईट आणि प्लगचं ड्रॉइंग, पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन, बाथरूमच्या चारी भिंतींचं ड्रॉइंग, जिन्याचं सेक्शन. एवढं हातात आल्याशिवाय दर मागवू नका. आर्किटेक्टकडनं कामाची यादी मापासकट करून घ्या आणि तीच यादी तीन कॉन्ट्रॅक्टरना द्या, म्हणजे तिघंही एकाच गोष्टीचा दर देतात. भावाला पहिल्यांदा नुसते चौरस फुटाचे दर आले होते, त्यात सगळ्यात स्वस्त होता त्यानं फरशी ४५ रुपये फुटाची धरली होती, कंपाऊंड आणि पाण्याची टाकी धरलीच नव्हती, आणि मोजमाप स्लॅबचं, छज्जासकट. सगळं सारखं करून मांडल्यावर तोच महाग निघाला. लेबर रेटवर देणार असाल तर सिमेंट, स्टील, क्रश सँड, वीट हे सगळं तुम्हाला आणायचंय आणि रोज एक माणूस साईटवर पाहिजे, घरात तसं कुणी नसेल तर मटेरियलसकट द्या.

हप्ते टप्प्याला बांधा, जोता, स्लॅब, वीटकाम, गिलावा असे, आणि प्रत्येक हप्त्याच्या आधी आर्किटेक्टनं काम बघून हो म्हटलं पाहिजे. पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे हे करारातच लिहा.

साईटवर

एक साईट वही ठेवा, सिमेंटच्या पोत्यांच्या खोलीत, दोरीनं बांधून. आर्किटेक्ट, इंजिनिअर कुणीही आलं की काय सांगितलं ते त्यात लिहून सही. कॉन्ट्रॅक्टरला थेट बदल सांगू नका, आर्किटेक्टला सांगा, तो ड्रॉइंग बदलून देईल. भावानं इथंच चूक केली. स्लॅब पडल्यावर त्याला वाटलं वरच्या बेडरूमला पण बाथरूम पाहिजे, गवंड्याला तोंडी सांगितलं, पण तिथं स्लॅब खाली घेतलेला नव्हता म्हणून पाईप बसवायला बाथरूमची फरशीच ८ इंच वर आली. आता आई त्या पायरीवर दर वेळी भिंतीला धरून चढते. आर्किटेक्टना एक फोन केला असता तर त्यांनी जिन्याशेजारची जागा सुचवली असती, तिथं खाली बाथरूमच होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

चार दिवस असे आहेत की आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर साईटवर पाहिजेच: लाईनआऊटचा, पायातलं स्टील बांधल्यावर, प्रत्येक स्लॅब ओतायच्या आधीचा, आणि गिलाव्याच्या आधी पाईप-वायरिंग झाल्यावरचा. स्लॅबच्या आधी तुम्ही पण लाईटचं ड्रॉइंग हातात घेऊन वर चढा आणि फॅनचे बॉक्स मोजा. पाणी मारणं कमीत कमी ७ दिवस आणि आताचं मिश्र सिमेंट असेल तर १०, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४. सेंट्रिंगवाल्याला म्हणजे टेकू-फळ्या लावणाऱ्याला दुसरीकडं माल न्यायचा असतो, घाई करतो, द्यायचा नाही.

बाथरूमच्या आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी तुंबवून ४८ तास ठेवा आणि खालनं बघा. फरशी बसायच्या आधी. आमच्या वरच्या बाथरूममध्ये दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग दिसला, पाईपच्या भोवतीचं भरलं नव्हतं नीट, दोन तासात काम झालं. फरशी बसल्यावर हेच निघालं असतं तर सगळं उखडायला लागलं असतं.

शेवटची कामं

काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र घ्याच, राहायला गेलो की लोक विसरतात आणि कर्ज, विक्री, वाटणी कशाच्या तरी वेळी अडतं. घरफाळ्याला नवीन नोंद करा. आर्किटेक्टकडनं जसं प्रत्यक्षात बांधलं तशी दुरुस्त केलेली ड्रॉइंग मागून घ्या, छापील आणि फाईल दोन्ही.

आणि गिलावा व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे पाईप कोपऱ्यापासून किती इंचावर आणि जमिनीपासून किती हे फोटोत वाचता येईल. माझ्याकडं असे ११२ फोटो आहेत, खोलीचं नाव टाकून ठेवलेले. मागच्या महिन्यात वॉटर प्युरिफायर बसवायला एक मुलगा आला, ड्रिल लावणार तेवढ्यात मी त्याला स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीचा फोटो दाखवला, गरम पाण्याची लाईन बरोबर त्याच्या खुणेखालनं गेली होती. त्यानं ६ इंच डावीकडं भोक मारलं.